हौसाबेट

नाव नसल्यामुळे खाडीच्या तोंडावरचं ते बेट दर ओहोटीला समुद्रात वाहून जाई. वादळात होड्यांना आडोसा हवा असे, नेमका तेव्हाच त्याचा पत्ता नसे. समुद्रावर नाव घेतल्याशिवाय काहीच ऐकत नाही, हे तिथं सगळे जाणतात. ‘नांगर’ म्हटल्यावरच नांगर तळ धरतो, ‘शीड’ म्हटल्यावरच कापडात वारा भरतो.

बंदर समितीनं आधी एका देवाचं, मग एका मंत्र्याचं नाव देऊन पाहिलं. देवाचं दोन भरत्या टिकलं, मंत्र्याचं एकही नाही. वापरून वापरून ती नावं जुन्या दोरासारखी विरली होती. तेव्हा कोरं नाव शोधावं, असा ठराव झाला.

तसं नाव गावात एकाच बाईकडे निघालं: पोशा तांडेलाची बायको हौसा. लग्न होऊन आल्यापासून ती कुणाची वयनी होती, कुणाची काकी, कुणाची आय. पोशा तर तिला नुसतं ‘आगो’ म्हणे. लग्नातला उखाणाही त्यानं तोंडातल्या तोंडात उरकला होता.

एकदा दिलेलं नाव परत मिळणार नाही, असं अध्यक्षांनी तिला स्पष्ट सांगितलं. तिचं म्हणावं असं तेवढंच तिच्यापाशी होतं, आणि तेही कुणी तिला धड ऐकवलं नव्हतं.

“न्या,” ती म्हणाली. “पोरांच्या होड्या बुडाया नकोत. पन पयली हाक यांनी मारायची.” तिनं पोशाकडे बोट केलं.

देताना असं मागायला छाती लागते, आणि ती तिला होती.

ओहोटी लागली, बेट हलू लागलं. पोशा होडीच्या टोकावर उभा राहिला, मागं हौसा आणि अध्यक्ष. पहिल्यांदा तोंडून नुसती हवा गेली. तुफानात न डगमगणारा तांडेल घामाघूम झाला. आज राहू द्या, असं अध्यक्ष म्हणेपर्यंत बेट बरंच लांब गेलं होतं. मग पोशानं डोळे मिटले.

“हौसाऽऽ!”

बेट थांबलं, वळलं आणि त्यानं ओ दिली.

हौसानं दिली नाही. तो हक्क आता बेटाचा होता. पण तिला रडू आलं, आणि ते तिनं पदराआड लपवलं नाही.

तेव्हापासून बेट तसूभर हललेलं नाही. त्याच्याआडच्या शांत पाण्याला खलाशी ‘माहेर’ म्हणतात. यापुढं हाकेची गरज नाही, असं समितीनं पोशाला रीतसर कळवलं आहे. तरी तो रोज सांजेला हाक मारायला होडी काढतो, आणि बायको तिच्यात आधीच येऊन बसलेली असते.