बारा बिऱ्हाडांची कुजबुज

हॉलमध्ये एक सोफा, एक फ्रिज, पुस्तकांचं काचेचं कपाट, दोन दिनदर्शिका, बँकेचं नाव मिरवणारं घड्याळ, इस्त्रीवाल्याचा नंबर लिहिलेला पुठ्ठा आणि ‘होम स्वीट होम’ असं इंग्रजीत भरतकाम केलेल्या चार उशा होत्या. लहानसहान धरून एकतीस वस्तू. अंतराने त्या दोनदा मोजल्या. त्यांतल्या सव्वीस वस्तूंवर काही ना काही लिहिलेलं होतं, आणि परीक्षेच्या खोलीत लिहिलेलं काहीही दिसता कामा नये असा नियम होता.

फिनलंडच्या एका विद्यापीठाने अंतराला पाणी शुद्धीकरणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देऊ केला होता. अडलं होतं ते फक्त इंग्रजीच्या परीक्षेपाशी. केंद्रावरच्या तारखा विद्यापीठाच्या मुदतीनंतरच्या होत्या. म्हणून ही परीक्षा घरी, संगणकाच्या कॅमेऱ्यासमोर. कुठून तरी एक निरीक्षक बाई दोन तास बघत बसणार. घरात दुसरं माणूस नको. बाहेरच्या कोणाचा आवाज ऐकू आला तर परीक्षा रद्द, आणि मग फिनलंडही रद्द. बेडरूमची खिडकी रुळांवर उघडत असल्यामुळे उरला हॉल.

“फ्रिजवर चादर टाकू की,” अंतराची आई, सरोजताई म्हणाल्या. फ्रिजच्या दारावर औषधवाल्यापासून प्लंबरपर्यंत सगळ्यांचे स्टिकर होते.

“मुळीच नाही,” हरिहरराव ओगले म्हणाले. “बत्तीस वर्षं बँकेत ऑडिट बघितलंय मी. झाकलेलं दिसलं की तपासणारे आधी तेच उघडतात.”

“बाबा, ती बाई कॅमेऱ्यातून कशी उघडेल?”

“तू अभ्यास कर.”

अशा रीतीने फ्रिज जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत आला. त्यामागून कपाट आलं, घड्याळ आलं, उशा आल्या आणि दोन तास बसायचं कशावर म्हणून सोफाही आला. अंतराने दार लावून घेतलं. हरिहरराव आणि सरोजताई सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. दार इमारतीइतकंच जुनं होतं; त्यातून समोरच्यांची फोडणीसुद्धा ऐकू यायची.

समोरच्या कल्पिताने कचऱ्याची बादली ठेवायला दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. हरिहररावांनी ओठांवर बोट ठेवलं. कल्पिताने मान डोलावली, मोबाइल काढला, फोटो घेतला आणि दार लावलं.

“शहाणी आहे हो, लगेच समजली,” हरिहरराव कुजबुजले.

कल्पिता समजली होती ते असं: ओगल्यांनी बिल्डरशी आतल्या आत जमवलं आणि ते गुपचूप घर खाली करताहेत. तिने तेवढंच, फोटोसकट, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं.

त्यात तिची काही चूक नव्हती. कोपर पश्चिमेची ही बारा बिऱ्हाडांची इमारत सहा वर्षं पुनर्विकासाच्या वाटेवर उभी होती. बिल्डर तयार होता, नकाशा तयार होता. नव्या इमारतीत कोणाला कितवा मजला, एवढंच ठरत नव्हतं. तोवर कोणी फुटायचं नाही, घर खाली करायचं नाही, अशी सगळ्यांनी शपथ घेतली होती. या इमारतीत एकमताने झालेली तेवढीच एक गोष्ट.

पहिले वर आले तळमजल्याचे गोविंदा म्हात्रे. इमारत त्यांच्या वडिलांच्या शेतावर उभी होती आणि आवाज अजून शेतावरचाच होता. ते कोपरला बोलले तर कळव्याला माणूस वळून बघेल.

“ओ हरीभाव! आमाला न सांगता चाल्लाव कं?”

हरिहरराव सोफ्यावरून उडालेच. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाचं तोंड हाताने दाबलं. “म्हात्रे, पाया पडतो, हळू! आत अंतराची परीक्षा एवढ्यात सुरू होतेय. आवाज गेला तर पोरीचं परदेश गेलं!”

गोविंदांनी हात बाजूला केला. आवाज उतरवला, संशय नाही. “कसली परीक्षा?”

“इंग्रजीची.”

“इंग्रजीच्या परीक्षेला फ्रीज कशाला भाईर?”

या प्रश्नाला हरिहररावांजवळ उत्तर होतं, पण ते कुजबुजत सांगण्याजोगं नव्हतं. एव्हाना वरून खालून माणसं जमू लागली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने तर, आपण मागे राहायला नको म्हणून, टेम्पोच बोलावला होता. तो खाली वळला आणि मागे येताना वाजणारी त्याची धून सुरू झाली.

सरोजताईंनी डोळे मिटले. गोविंदांनी एकवार बंद दाराकडे पाहिलं आणि ते जिना उतरले. धून मधेच तुटली. नंतर कळलं ते असं, की त्यांनी गाडी बंद करायला लावली आणि मग बंद टेम्पो पाच जणांनी ढकलून फाटकाबाहेर नेला.

“ल्हान व्हती तवाच्यान बगतंय तिला,” परत येऊन ते धापा टाकत म्हणाले. “पोरीचं व्हऊ द्या. पन तुमाला सोडनार नाय, हरीभाव. भांडन हलूच करू.”

सेक्रेटरी देवयानीकाकू निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी जिन्यावरच्या गर्दीकडे शाळेची नजर टाकली. “एका वेळी एकजण. तोही कुजबुजून. बाकीच्यांचा श्वास ऐकू आला तरी खाली पाठवीन.”

आणि कोपरच्या इतिहासातलं पहिलं कुजबुजतं भांडण सुरू झालं. एकजण बोले, तेव्हा ऐकायला बाकीच्यांना माना पुढे कराव्या लागत. कोणी मधे बोललं की दोघांचंही ऐकू येत नसे, म्हणून कोणी मधे बोलेना. सहा वर्षांत प्रथमच वाक्यं शेवटपर्यंत पोचू लागली.

“म्हात्रेंना सर्वांत वरचा मजला हवाय म्हणून अडलंय सगळं,” कल्पिता कुजबुजली. “जमीन त्यांची होती ना.”

“कोन बोल्ला? मना वरचा नको. आयशीला लिफ्टचा भ्याव वाटतं. मना पयलाच पायजे.”

“पहिला? अहो, मग सहा वर्षं बोलला का नाहीत?”

“बोल्लो ना! तुमी ऐकलाव कधी?”

तेवढ्यात आतून अंतराचा स्पष्ट आवाज आला. परीक्षेचा बोलण्याचा भाग सुरू झाला होता. सगळ्यांनी कान टवकारले.

“काय बोलतंय?” गोविंदांनी विचारलं.

देवयानीकाकू कुजबुजत भाषांतर करू लागल्या. “प्रश्न शेजाऱ्यांवर आलाय. ती म्हणते, आमच्या इमारतीत बारा कुटुंबं राहतात. स्वभावाने प्रेमळ आहेत.” गर्दीने समाधानाने माना हलवल्या. “सहा वर्षांत त्यांच्या एकेचाळीस सभा झाल्या.” काकू थांबल्या. त्यांच्यातल्या मुख्याध्यापिकेला गाळणं जमेना. “निर्णय शून्य. ती म्हणते, प्रत्येकाचा आवाज मी मोबाइलवर मोजलाय. सगळे एकदम बोलतात तेव्हा गिरणीइतका भरतो.”

हरिहररावांना फ्रिजमध्ये जाऊन बसावंसं वाटलं. “लहान आहे हो ती—”

“खोटं काय बोल्ली?” गोविंदा म्हणाले.

देवयानीकाकूंनी चष्मा नीट केला. “म्हात्रे पहिला. कल्पिता, तुला गच्चीखालचा हवा ना? झालं. उरलेल्यांनी आपापले मजले बोटांनी दाखवा.”

बोटं वर झाली. पाचव्या मजल्यावर दोन दावे आले, तेही तिथल्या तिथे मिटले. त्यांतल्या एकाला नुसता पूर्वेचा उजेड हवा होता. “मंजूर असेल त्यांनी हात वर करा,” काकू म्हणाल्या. बाराच्या बारा घरांचे हात वर गेले. टाळ्या वाजवता येत नव्हत्या, म्हणून सगळ्यांनी ते हात हवेतच हलवले.

नेमकं तेव्हाच दार उघडलं. समोर बाबा, आई, फ्रिज आणि हवेत हात हलवणारी अख्खी इमारत. अंतरा दोन पावलं मागे सरली.

“संपली का गं?” सरोजताईंनी ओठांनीच विचारलं.

“संपली. नीट संपली.”

त्याबरोबर दोन तास दाबून धरलेला बारा घरांचा आवाज एकदम सुटला. गोविंदांची आरोळी तर खरंच कळव्यापर्यंत गेली असावी. त्यांनी एका हाताने हरिहररावांना मिठी मारली आणि दुसऱ्या हाताने फ्रिज आत ढकलायला घेतला.

“त्या निरीक्षक बाई काही बोलल्या का?” हरिहररावांनी मिठीतूनच विचारलं.

“शेवटी म्हणाल्या, इतक्या शांत वस्तीत राहता, नशीबवान आहात.”

निकाल पुढच्या आठवड्यात आला. विद्यापीठाला एकशे वीसपैकी शंभर हवे होते. अंतराला एकशे तेरा मिळाले. बोलण्याच्या भागात तीसपैकी तीस.