इतर म्हणजे कोण?

आमच्या ऑफिसातल्या एका कपाटावर 'इतर' अशी चिठ्ठी होती. देविदासमामांनी ती नखानं खरडून काढली आणि तिथं लिहिलं : 'मोडके पंखे, बिनदांड्याच्या छत्र्या, गजूचं हेल्मेट'. 'इतर' या शब्दाशी मामांचं हाडवैर.

मामा म्हणजे नांदेडच्या आमच्या दवाखान्यातले रेकॉर्ड विभागाचे प्रमुख. आमचं काम कोडिंगचं. सुट्टी झालेल्या पेशंटची फाइल वाचायची आणि त्याच्या आजाराला जगभर चालणारा कोड द्यायचा. जिथं नीट उमजत नाही तिथं 'इतर' नावाचा एक कोड असतो. लई सोयीचा! घरी जायची वेळ झाली की मी उरलेले सगळे पेशंट त्यात कोंबायची.

मग नवीन वर्गीकरण आलं आणि आमचे पाठ झालेले कोड पाण्यात गेले. साहेबांनी बोलावून सांगितलं, "परीक्षा होणार. पास झालात तर ठीक, नाही तर हे काम हैदराबादच्या कंपनीकडं जाईल आणि तुम्ही केसपेपरच्या खिडकीवर." माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गजूचं तोंड एवढंसं झालं. नोकरीच्या जोरावर त्याचं नुकतंच लग्न जमलं होतं.

"कोण नापास होतंय तेच पाहतो," मामा म्हणाले आणि त्याच संध्याकाळी शिकवणी सुरू केली.

"हे रेल्वेवानी हाय. आजार म्हणजे इंजिन. त्याच्या मागं तपशिलाचे डबे जोडायचे. कोणती बाजू, किती जोराचं, कशानं झालं. नुसतं इंजिन घेऊन काय परभणीला जाता?"

एका आजोबांच्या फाइलवर 'पडून मार' एवढंच होतं. मी सवयीनं 'इतर' ठोकलं. मामा मागंच उभे!

"इतर म्हणजे कोण? तुह्या सासरचं कुणी हाय का?"

तसंच मला वॉर्डात नेलं.

"बाबा, कशावरून पडलात?"

"पडलो कुठं? म्हशीनं ढकललं."

"कोणत्या बाजूनं?"

"म्हशीच्या का माझ्या?"

अख्खा वॉर्ड हसला. मामा हसले नाहीत. "दोन्ही सांगा," म्हणाले.

एक दिवस माझं डोकंच चालेना. "मामा, माझ्यानं न्हाई होत," म्हणून मी रडायलाच बसले. मामांनी चहा पुढं सरकवला. "न होऊन जातंय कुठं? पी, आन् फ्रॅक्चरची फाइल काढ." दुसरा दिलासा त्यांना येतच नव्हता.

गजूची जीभ तर काय, हाडच नाही तिला. चहा पिताना म्हणाला, "मामा, तुमचं इंजिन दिसतंय, डबे कुठं हायत?"

मामांनी लग्न केलं नाही. शिरूर अनंतपाळला आई होती तोवर दर शनिवारी गावी जायचे. आता सणालाही खानावळीचा डबा. मी गजूला कोपरानं ढोसलं, पण बोलून गेला होता मेला.

"आपलं नुसतं इंजिन," मामा म्हणाले. "यार्डात उभं." आणि लगेच, "चला, पुढची फाइल."

मला फार वाईट वाटलं.

आम्ही सगळे पास झालो! कुणी खिडकीवर गेलं नाही. दवाखान्यानं कार्यक्रम ठेवला. साहेबांनी डॉक्टरांचे आभार मानले, कॉम्प्युटरवाल्यांचे मानले, मांडववाल्याचेसुद्धा मानले. "आणि इतर कर्मचाऱ्यांचेही आभार."

आता मामा उसळणार म्हणून मी मागं वळून पाहिलं. ते शेवटच्या रांगेमागं उभे राहून टाळ्या वाजवत होते. जणू बरोबरच होतं ते. माझं डोकं सणकलं.

"सर," मी उठलेच, "इतर म्हणजे कोण?"

गजूही उठला. "हाव सर, आमाला शिकवलं ते मागं उभे हायत."

मामांना ढकलत माइकपर्यंत नेलं. कोड सांगावा तसं त्यांनी सुरू केलं, "देविदास ग्यानोबा. मुक्काम शिरूर अनंतपाळ." आणि अडले. "पुढं काय सांगू? नुसतं इंजिन हाय."

"मग आमी कोण हाव?" गजू ओरडला.

मामा आमच्याकडं वळले. मग माइक घट्ट धरून म्हणाले, "हा गजानन. हिमायतनगरचा. हेल्मेट कपाटात ठेवून डोकं उघडं घेऊन फिरतो." एकेकाचं नाव घेतलं, गाव घेतलं, कुणाला गाळलं नाही. शेवटी माझ्यापाशी आले.

"ही रेखा. औशाची. म्हशीवाली."

सगळा मांडव हसला. मामा हसले नाहीत. "एवढे डबे हायत," म्हणाले.