टोपण आपल्याकडे

श्रीनिवास अभ्यंकरांच्या डायनिंग टेबलावर गेले पंधरा दिवस जेवणापेक्षा पेनांचाच पसारा जास्त होता. पेनं तशी दोनच. पण त्यांच्याभोवती शाईच्या बाटल्या, ड्रॉपर, टिपकागद, भिंग आणि निब पुसायला फाडलेलं जुन्या धोतराचं फडकं असा सगळा बारदाना मांडलेला असे. नीरजाताई त्यातूनच वाट काढून आमटीचं पातेलं ठेवत.

"बाटली बघून वाढून घ्या हो," त्या रोज सांगत. "परवा भातावर शाई घेत होतात."

दोन्ही पेनं 'सारंग' कंपनीची. एक श्रीनिवासरावांच्या वडिलांचं, हिरव्या एबोनाइटचं, सोनेरी क्लिपचं. ती कंपनी कधीच बंद पडली होती. पण यंदा मूळ मालकाच्या नातवाने, प्रज्ञेशने, आजोबांचा कारखाना झाडूनपुसून पुन्हा सुरू केला आणि तेच जुनं मॉडेल जसंच्या तसं बाजारात आणलं. खराडीला नोकरी करणाऱ्या आमोदने, म्हणजे अभ्यंकरांच्या एकुलत्या एक चिरंजिवांनी, ते वडिलांना वाढदिवसाला दिलं. बाबा खूश होतील, अशी त्याची अपेक्षा होती. इतकी वर्षं त्याच घरात राहूनही माणसं अशा अपेक्षा ठेवतात.

"छान आहे," श्रीनिवासराव म्हणाले होते, "नक्कल म्हणून."

तेव्हापासून त्यांनी नव्या पेनाचे दोष काढायला घेतले. त्यासाठी ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत नव्या पेनानेच लिहीत. वर्तमानपत्रातले अग्रलेख उतरवून काढत, सोसायटीच्या सेक्रेटरीला तक्रारी लिहीत. वडिलांच्या पेनाने मात्र ते लिहीत नसत. झिजलं म्हणजे? इतकी वर्षं ते कापसात गुंडाळून कपाटात असे; टेबलावर आलं ते आता तुलनेपुरतं. खंडेनवमीला बाहेर येई, हळदकुंकू लावून घेई, एक सही करी आणि परत कापसात जाई.

शाईपेनप्रेमी मंडळात येत्या रविवारी त्यांचं भाषण होतं: 'सारंग, जुनं आणि नवं'. "डोळे बांधा माझे आणि दोन्ही हातात द्या," त्यांनी मंडळात जाहीर करून टाकलं होतं. "एक ओळ लिहितो आणि बाबांचं कुठलं ते सांगतो. नाही सांगता आलं तर मंडळ सोडीन." मंडळातल्या काही जणांनी हे जरा जास्तच उत्साहाने लिहून घेतलं.

भाषणाचा हुकमी एक्का होता जुन्या पेनाच्या टोपणावर. वरच्या टोकाशी शेजारी शेजारी दोन बारीक खाचा होत्या. "अंगठा कसा बसतो बघ," ते आमोदला पुन्हा पुन्हा दाखवत. "टोपण काढताना हात निसटू नये म्हणून. जुन्या कारागिराची बुद्धी आहे ही. तुझ्या नव्या पेनावर आहे का? गुळगुळीत!" त्यांनी खाचांचे फोटो काढून प्रज्ञेशला ईमेलही केली होती. त्याचं मोठं आदबशीर उत्तर आलं होतं, आणि रविवारी तो स्वतः येणार होता. खाचांचा विषय निघाला की नीरजाताईंना मात्र स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवे.

शुक्रवारी श्रीनिवासराव बँकेत गेले ते दोन्ही पेनं खिशात घालून. घरी ठेवली तर कोणीतरी हात लावील, ही भीती. बँकेत स्लिप भरत असताना शेजारी एक धिप्पाड गृहस्थ येऊन उभे राहिले. अंगात पांढराशुभ्र शर्ट, हातात कापडी पिशवी. पिशवीवर छापलेलं, 'हिंमतराव कोंडीराम, कांदे-बटाटे, मार्केट यार्ड'.

"काका, पेन द्या की जरा."

"बँकेत येताना पेन आणायचं असतं."

"आणलं हुतं. चालंना झालंय."

श्रीनिवासराव नाही म्हणणाऱ्यांतले नव्हते. पण पेन देण्याची त्यांची एक पद्धत होती. पेन द्यायचं, टोपण द्यायचं नाही. टोपण आपल्याकडे असलं की घेणाऱ्याला ते पेन खिशात टाकून जाता येत नाही. या पद्धतीने नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांचं एकही पेन गेलं नव्हतं. त्यांनी खिसा चाचपला, खाचांचं टोपण बाजूला सारलं, गुळगुळीत टोपणाचं पेन काढलं, टोपण फिरवून स्वतःच्या मुठीत ठेवलं आणि उघडं पेन पुढे केलं.

हिंमतरावांनी जेमतेम नाव लिहिलं असेल, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "काय? उचलायला लागले? आरं थांबीव त्यास्नी, आलोच!" म्हणत ते स्लिप, पिशवी आणि पेन घेऊन जे धावले ते थेट रस्त्यावर. श्रीनिवासराव टोपण उंच धरून "अहो, टोपण! अहो!" करत दारापर्यंत गेले. पण टोइंगवाल्यांच्या गाडीमागे धावणारा माणूस पुण्यात कोणाच्याही हाकेला थांबत नाही.

खरं सांगायचं तर श्रीनिवासरावांना फारसं वाईट वाटलं नाही. गेलं ते नवं. नक्कलच ती. ते जवळजवळ शीळ घालत घरी आले.

"तुझं पेन गेलं रे," त्यांनी घरून काम करत बसलेल्या आमोदला सांगितलं. "बाबांचं मात्र सुखरूप आहे."

आमोदने कानातलं काढलं. "नक्की कुठलं गेलं, बाबा?"

"नक्की म्हणजे? साध्या टोपणाचं."

"बाबा, एक मिनिट. काल संध्याकाळी मी दोन्ही धुतली ना. तुम्हीच म्हणालात, कम्पॅरिझन फेअर व्हायला दोन्हीत एकच शाई पाहिजे. मग पेनं फडक्यावर सुकत ठेवली, टोपणं बाजूला. सकाळी शाई भरून लावून टाकली."

"कुठलं कुठल्याला?"

आमोदने लॅपटॉप अर्धा मिटला. मग हळूच म्हणाला, "सेमच तर आहेत ना."

हा शब्द त्या घरात पंधरा दिवस कोणी उच्चारला नव्हता. श्रीनिवासराव मटकन खुर्चीत बसले. खाचांचं टोपण उघडून त्यांनी आतलं पेन कागदावर टेकवलं. एक ओळ लिहिली. "बाबांचंच आहे हे. शंकाच नाही." दुसरी ओळ लिहिली. "छे, हे नवं." पान भरेपर्यंत पेनाने चारदा जन्म बदलला.

"तुम्ही तर डोळे मिटून ओळखणार होतात," नीरजाताई म्हणाल्या.

"तुलना करायला दोन लागतात!" श्रीनिवासराव ओरडले. "आमोद, स्कूटर काढ. मार्केट यार्ड."

कांद्याच्या धुरळ्यातून विचारत विचारत बापलेक गाळ्यावर पोचले. हिंमतराव गादीवर बसले होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशावर तळहाताएवढा निळा डाग होता.

"हे बघा, आले टोपणवाले!" त्यांनी आरोळी ठोकली. "अवो काका, नवा कोरा शर्ट हाय ह्यो! टोपण का ठिवून घेतलं तुमी?"

"पेन परत मिळावं म्हणून."

"मग मिळालं का?"

श्रीनिवासरावांना उत्तर सुचलं नाही. पुण्यात जन्म काढलेल्या माणसावर ही वेळ क्वचित येते. "आहे कुठे पेन?" एवढंच त्यांनी विचारलं.

हिंमतरावांनी गादीशेजारी बोट दाखवलं. तिथे एक चांगला थोरला बटाटा ठेवला होता, आणि त्यात सारंगचं पेन निबेपर्यंत खोचून उभं होतं.

"टोपण तुमच्यापाशी. मग काय करू? हितं खुपसलं. वाळत नाय, सांडत नाय. मगाधरनं त्याच्यानंच लिवतोय. झ्याक चालतंय की!"

ज्या पेनाला हात लावण्यापूर्वी ते साबणाने हात धुवत, ते कदाचित हेच असेल, या विचाराने श्रीनिवासरावांनी डोळे मिटून घेतले. आमोदने पेन उपटलं, शर्टाबद्दल माफी मागितली. हिंमतराव मनाचे मोकळे. "ऱ्हाऊ द्या वो," म्हणत त्यांनी पिशवीभर बटाटे वर दिले. या सगळ्या प्रकरणात नीरजाताईंना मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे ते बटाटे.

घरी येऊन पेन धुतलं, पुसलं आणि दोन्ही पेनं कागदावर चालवून पाहिली. बटाट्यातलं पेन लोण्यासारखं चाललं. दुसरं मात्र कागद खरवडत होतं.

"सापडलं!" श्रीनिवासराव उठून उभे राहिले. "बघ, काय हात आहे! हेच बाबांचं."

नीरजाताई बटाटे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मला पेनातलं काही कळत नाही. पण पंधरा दिवस दिवसभर लिहून लिहून गुळगुळीत झालं असेल, तर नवं होईल ना? मामंजींचं तर तुम्ही कधी लिहायलाच घेतलं नाहीत."

श्रीनिवासराव खाली बसले. हे त्यांना फार लागलं. वडील त्या पेनाने रोज लिहायचे. त्यांच्या हाताला ते कसं लागत असेल, हे आपण एकदाही पाहिलं नाही. चाळीस वर्षं नुसतं जपलं, आणि आज समोर ठेवलं तर ओळखता येत नाही. त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत. शाई-आमटीचा विनोदही कोणी केला नाही.

"भाषण रद्द करू या का?" आमोदने विचारलं.

"नाही. खाचांचं टोपण तरी खरं आहे," श्रीनिवासराव म्हणाले. "त्याच्या आधारावर निभावून नेऊ."

रविवारी सभागृह भरलं होतं. श्रीनिवासराव मंडळ सोडतात की काय ते बघायला नेहमी न येणारी मंडळीही आली होती. डोळ्यांवर पंचा बांधला गेला. आमोदने एकेक पेन हातात दिलं. श्रीनिवासरावांनी दोन्ही पेनांनी एकेक ओळ लिहिली, श्वास रोखला आणि एक पेन वर धरलं. "हे. हे माझ्या वडिलांचं."

सगळे आमोदकडे बघू लागले. आमोदने पंचा बांधलेल्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी पेन अजून वरच धरलेलं होतं.

"बरोबर," आमोद म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. हे उत्तर चूक ठरवू शकेल असा माणूस आता पृथ्वीवर नव्हता, हे तिघांनाच ठाऊक होतं आणि तिघंही अभ्यंकर होते.

मग खाचांचं प्रकरण आलं. श्रीनिवासरावांनी टोपण उंचावून जुन्या कारागिराला वंदन केलं, तोच पहिल्या रांगेतला प्रज्ञेश उठून उभा राहिला. "काकांचे मी आभार मानतो. आजोबांच्या कामातली ही खुबी आम्हालाही माहीत नव्हती. काकांच्या फोटोंवरून आम्ही दोन नमुने करून आणलेत. पुढच्या सगळ्या सारंगवर या खाचा असतील."

खाचावाली दोन पेनं सभागृहातून फिरली. "काय पकड आहे!" "अंगठा बरोब्बर बसतो हो." एका निवृत्त प्राध्यापकांनी तर खाचांचा तिरपा कोन मुद्दाम कसा काढला आहे, ते फळ्यावर आकृती काढून समजावून दिलं. एक पेन नीरजाताईंच्या हातात आलं. त्यांनी खाचांवरून बोट फिरवलं आणि तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलू लागले.

चहाच्या वेळी त्यांनी नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "अहो, आता ते पेनं काढायला निघालेत म्हणून सांगते. त्या खाचा कारागिराच्या नाहीत."

"मग कोणाच्या?"

"तो बघा तुमचा कारागीर. बटाटेवडा खातोय."

श्रीनिवासरावांनी वळून पाहिलं. टेबलाशी आमोद उभा होता, तोंड भरलेलं, हातात बशी.

"सात-आठ महिन्यांचा होता," नीरजाताई सांगू लागल्या. "खालचे दोन दात नुकतेच येत होते. खंडेनवमीला पूजेतून पेन ओढून घेतलंन आणि बसला चावत. मी पुसून कापसात ठेवलं. तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बोलणारच होते. पण तुम्ही कारागिराचं कौतुक सुरू केलंत. लेकाचं इतकं कौतुक तुमच्या तोंडून एरवी कुठे ऐकायला मिळणार? म्हटलं, चालू दे."

श्रीनिवासरावांनी खिशातून टोपण काढलं आणि खाचांवर अंगठा ठेवला. तेवढ्याच अंतरावरचे दोन दात. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते लपवायला त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला. चहा गरम होता, त्यामुळे कारण मिळालं.

"काका," प्रज्ञेश हात जोडत आला. "ते मूळ पेन चार दिवस द्याल का? फोटोवरून खाचेची खोली नीट येत नाहीये. साच्याला अस्सल पाहिजे."

सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा उखडणार. पण श्रीनिवासरावांनी शांतपणे दोन्ही पेनं काढली, दोन्ही टोपणं फिरवून उघडली आणि दोन्ही पेनं त्याच्या हातात दिली. "घेऊन जा. एक माझ्या वडिलांचं आहे. दुसरं माझ्या मुलाने दिलंय, फार छान चालतं. लिहून बघ दोन्हींनी. पेन लिहायलाच असतं."

"आणि टोपण, काका? मला खरं तर टोपणच..."

"टोपण आम्ही देत नाही," म्हणून श्रीनिवासरावांनी टोपणं खिशात घातली आणि वर खिशाचं बटण लावलं.

प्रज्ञेश दोन हातांत दोन उघडी पेनं धरून गोंधळून उभा राहिला. आमोदने पुढे होऊन त्याच्यासमोर बटाटेवड्याची बशी धरली.

"यात खोच," तो म्हणाला. "वाळत नाही, सांडत नाही."