साळूची हाक आणि चारशे शेपट्या

एका जंगलात, बाळांनो, वाचणारे कमी आणि 'अवश्य वाचा' म्हणणारे फार झाले होते.

त्या जंगलात एक साळू राहायची. अंगावरचाच एखादा काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि पळसाच्या पानावर लिहायचं, हा तिचा छंद. कुठला कंद उकडून खावा, कुठला नुसता हुंगून सोडून द्यावा, असलं ती लिही. लिहून झालं की पान बिळाच्या दाराशी लावी. याला तिकडे ब्लॉग म्हणत.

ब्लॉग चांगला होता. फक्त बिळाकडे कुणी फिरकत नसे.

एक दिवस धनेश आला. मोठी चोच, मोठा आवाज आणि काखेत एक टोपली.

"ताई, आता कोण कुणाच्या दारात जाऊन वाचतं?" तो म्हणाला. "जंगल चार चावड्यांवर बसलंय. वडाखाली, पाणवठ्यावर, कातळावर आणि बांबूच्या बेटात. तुमचं पान या टोपलीत टाका. माझे पोपट ते चारही ठिकाणी, ज्या त्या वेळेला वाचून दाखवतील."

"बस, एवढंच?"

"एक नियम आहे. सारखं आपलंच पुढं केलं की मंडळी कंटाळतात. दहात आठ पानं दुसऱ्यांची, दोन आपली. दुसऱ्यांची पोपटच वेचतील. तुम्ही बघायचंसुद्धा नाही."

साळूला हे जरा खटकलं. "म्हणजे मी न वाचताच दुसऱ्यांचं सुचवायचं?"

"तेही तुमचं न वाचताच सुचवणार आहेत," धनेश म्हणाला.

हे न्यायाचं होतं. साळूने टोपली घेतली.

काय सांगू तुम्हाला! आठ दिवसांत तिचं नाव झालं. आवडलं की शेपटी वर करायची, अशी त्या जंगलाची रीत होती. साळूच्या नावाला चावड्यांवर भराभर शेपट्या वर होऊ लागल्या. रोज सकाळी पोपट तिच्या बिळाच्या झरोक्याशी येई, आकडा सांगे आणि नवीन पान घेऊन जाई. साळू हरखून गेली. दाराशी पान लावायचंही तिने सोडून दिलं.

मग एका मंगळवारी टेकडीवरून दरड आली आणि बिळाचं तोंड बंद झालं.

आत साळू, बाहेर ढिगारा. उघडा राहिला तो फक्त झरोका. त्यातून पान जाई, साळू जात नसे. घरात एकच कंद उरला होता. तिने लिहिलं, 'दरडीखाली अडकले आहे. दगड हलवायला या.' सकाळी पोपट आला तेव्हा तिने ते पान झरोक्यातून बाहेर सरकवलं.

पोपटाने पान उलटून पाहिलं. "छान आहे. उद्या टाकतो."

"उद्या? अरे, मी अडकलेय!"

"आज बुधवार, ताई. संकटाचा मजकूर गुरुवारी सकाळी चांगला चालतो. शिवाय तुमच्या आधी आठ पानं दुसऱ्यांची जायची आहेत. नियम आहे."

त्या दिवशी कंद संपला.

गुरुवारी मात्र टोपलीने आपलं काम चोख केलं. चारही चावड्यांवर साळूची हाक पोचली. वडाखाली वानरं हळहळली आणि त्यांनी ती आणखी चार वडांखाली पाठवली. पाणवठ्यावर हरणं माना तिरक्या करून उभी राहिली आणि आपल्या प्रतिबिंबाला म्हणाली, 'आम्ही ताईंच्या पाठीशी.' कातळावर कोल्ह्याने 'दरडीने मला शिकवलेल्या पाच गोष्टी' सांगितल्या. त्याच्यावर कधी ढेकूळही पडलं नव्हतं. बांबूच्या बेटात दरड आधी डाव्या बाजूने आली की उजव्या, यावरून जुंपली.

शुक्रवारी सकाळी पोपट धापा टाकत आला. "ताई, चारशे शेपट्या! तुमचं आजवरचं सर्वोत्तम लेखन! ससा म्हणतोय, दरडीचं रूपक फार भावलं."

"दगड किती जणांनी हलवला?" साळूने क्षीण आवाजात विचारलं.

"ते आपण मोजत नाही," पोपट म्हणाला आणि उडून गेला.

साळू भिंतीला टेकून बसली. आता आपलं काही खरं नाही, असं तिला वाटलं. तिला फार एकटं वाटलं.

दुपारी बाहेर कुणीतरी जोरात गुरगुरलं.

"कोण गं ती लिहिणारी? ये बाहेर!"

ते एक अस्वल होतं. तीन डोंगर ओलांडून आलं होतं. मध खाऊन हात पुसायला त्याने वाऱ्याने उडत आलेलं एक पान उचललं होतं आणि त्यावर नेमका साळूचा एक जुना लेख निघाला.

"वाळवी पावसाळ्याच्या शेवटी गोड लागते, असं तू लिहिलंस?" अस्वल ओरडलं. "शेवटी? अगं, पावसाच्या तोंडावर! पंख फुटलेले असतात तेव्हा! कधी खाल्लीस तरी का?"

"नाही खाल्ली," आतून साळू म्हणाली. "ऐकून लिहिलं."

"मग बाहेर ये आणि बोल!"

"येता येत नाही. दरड आहे."

"सबबी नकोत!" असं म्हणून अस्वलाने बाह्या सरसावल्यासारखे पंजे पुढे केले आणि ढिगारा उकरायला घेतला. दगड भिरकावताना त्याची बडबड चालूच होती. तिसऱ्या परिच्छेदात मुंग्यांबद्दल जे लिहिलंय तेही साफ चूक, पाचव्यात तर कहर.

साळू बाहेर आली आणि तिला रडूच फुटलं.

अस्वल वरमलं. "इतकं काही वाईट नव्हतं," ते पुटपुटलं.

"तसं नाही हो," साळू डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही पाचव्या परिच्छेदापर्यंत वाचलंत!"

मग अस्वलाने तिला कंद उकरून दिले आणि दोघं दिवस मावळेपर्यंत वाळवीवरून कडाकडा भांडली. इतका सुखाचा दिवस साळूने पूर्वी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोपट आला. सुटकेची बातमी रविवारी टाकू का, म्हणाला. साळूने त्याला टोपलीसकट परत पाठवलं. मग एक काटा उपटून तिने नवं पान लिहिलं, 'मध नेहमी गार पाण्यात विरघळवून, बेचव करून खावा.' ते दाराशी लावलं आणि तीन डोंगरांकडे डोळे लावून बसली.

तात्पर्य : लिहिताना निदान एक ढळढळीत चूक अवश्य करावी. कौतुक बसल्या जागेवरून करता येतं. भांडायला मात्र घरापर्यंत यावं लागतं.