गार वाऱ्याची चोरी

बिभीषण मामांच्या मते अख्ख्या नगर जिल्ह्यात खरी नजर दोघांनाच होती. एक आभाळातली घार आणि दुसरे ते स्वतः. त्यातही घारीला अंधारात दिसत नाही, हे ते आवर्जून सांगत. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी हयात घालवली होती. कामगारांचे डबे उघडून भाजी कसली ते पाहिलं होतं, ट्रकांच्या पोटाखाली लांब दांड्याचा आरसा सरकवला होता, आणि आपल्या गेटातून टाचणी बाहेर गेली नाही, हे वाक्य ते विचारणाऱ्यालाही ऐकवत आणि न विचारणाऱ्यालाही. त्याच गेटातून एकदा अख्खा जनरेटर गेला होता, पण तो टाचणीत मोडत नसावा. निवृत्तीला कारखान्याने शाल आणि नारळ दिला. आरसा मामांनी आपला आपणच आणला.

तेव्हापासून ते स्वतःला गुप्तहेर म्हणवत. खरं तर गुप्त असं त्यांच्यात काहीच नव्हतं. ते साधं कुजबुजले तरी पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठून बसत. निवृत्त झाल्यावर शेवगावजवळच्या वस्तीवर बहिणीकडे ते चार दिवस हवापालट म्हणून आले, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत. बहीण म्हणजे बनुबाई. बनुबाईंचा मुलगा कल्याण हा गरीब स्वभावाचा शेतकरी, आणि भाचा असल्यामुळे मामांच्या हाताखाली आपोआप भरती झालेला.

मामांना नाही म्हणायची सोयही नव्हती, कारण मार्चपासून त्यांचा भाव फार वधारला होता. हरभरा काढून पडलेला, मळणीयंत्र कुणाचं मोकळं मिळेना, तेव्हा मामांनीच डोकं लढवलं होतं. खळ्यावर हरभरा पसरवला, आणि त्यावर कल्याणला त्याची जुनी चारचाकी गोल गोल फिरवायला लावली. स्वतः मधोमध उभं राहून, तोंडात शिट्टी धरून, ट्रक आत घेतल्यासारखे हातवारे. हरभरा छान निघाला, यंत्राचं भाडं वाचलं, आणि अशी अक्कल पिढीत एखाद्यालाच असते हे मामांनी सगळ्या भावकीला फोन करून कळवलं.

मग ऊन तापलं, आणि त्याच गाडीचा एसी गरम हवा मारायला लागला.

एरवी कल्याणने काच खाली केली असती आणि विषय संपला असता. पण बायको आरती बाळंतपणाला माहेरी, खर्ड्याला गेली होती, मुलगी झाली होती, आणि आता दोघींना घरी आणायचं होतं. सासरे श्रीमंतराव यांनी स्पष्ट कळवलं होतं, की असल्या उन्हात लेकरू गरम गाडीत घालणार नाही. गार गाडी आणा, नाहीतर पाऊस पडल्यावर या. कल्याणला राग धरता येईना, कारण म्हातारा बरोबर बोलत होता. पोरीची मूठ त्याच्या बोटाभोवती एकदाच मिटली होती, तेवढ्यावर तो दिवस काढत होता. मोबाईलवर दिसायची ती, पण मोबाईलला तिचा वास येत नव्हता. त्याला ती घरी हवी होती, बस.

नगरच्या एका चकचकीत गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सगळंच बदलायला सांगितलं. त्या पैशात थोडी भर घातली तर दुसरी गाडी आली असती, तीही गार. मग शेवगावात एकाने स्वस्तात जुना गॅस काढून नवा भरून दिला. संध्याकाळच्या वाऱ्याला घरी येईपर्यंत गाडीत इतकं गार झालं, की कल्याण एकटाच हसत होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बटण दाबलं, तर पुन्हा फुफाटा.

मामांना एवढंच पाहिजे होतं. त्यांनी गाडीभोवती सुतळी बांधली, तपास संपेपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम काढला, आणि मिशीवरून बोट फिरवलं.

"संध्याकाळी गॅस हुता, दुपारी न्हाई," ते म्हणाले. "मंजी रातच्याला चोरला. आनि परका मानूस वस्तीवर आला असता तर मला दिसलाच असता. कल्यान, ल्हिऊन ठेव, गुन्हेगार घरातलाच हाय."

रात्रभर मामांच्या घोरण्याने पत्रा हलत होता, हे कल्याणने बोलून दाखवलं नाही. गॅस चोरून नेता येतो का, असं भीतभीत विचारलं, तेव्हा मामा नुसते हसले. सुप्याला काय काय चोरीला जातं ते या पोराला काय ठाऊक.

तपास रीतसर सुरू झाला. मामांनी गाडीखाली आरसा सरकवला आणि उलट्या अक्षरातली सगळी गाडी वाचून काढली. डिक्की उघडून स्टेपनीची झडती घेतली. मग आत बसून एसीच्या भोकांना नाक लावलं आणि डोळे मिटले. अंगणातली बनुबाईंची तांबडी कोंबडी तेवढ्यात गाडीच्या तोंडाशी येऊन टोचा मारत होती. पुरावा विस्कटते म्हणून मामांनी तिला चप्पल फेकून हाकललं आणि पुन्हा नाक लावलं.

"हरभऱ्याचा वास येतोय," ते म्हणाले.

वास खरोखर येत होता, कल्याणलाही आला. पण त्यावरून मामा जिथे पोचले, तिथे दुसरं कुणी पोचलं नसतं. चोराने गॅस काढताना फुटाणे खाल्ले होते. फुटाणे कोण विकतं? फाट्यावरचा राधाकृष्ण. तोच राधाकृष्ण थंडाच्या बाटल्या विकतो. आणि या उन्हाळ्यात त्याच्या बाटल्या पूर्वीपेक्षा गार कशा? गुन्हेगार घरातलाच, हे मामा या वेळेपुरतं विसरले.

फाट्यावर जाऊन मामांनी पुराव्यादाखल एका मागोमाग एक लस्सी प्यायली आणि प्रत्येक ग्लासानंतर मान डोलावली. राधाकृष्ण भला माणूस. त्याला वाटलं, गिऱ्हाईक खूश आहे. गॅस कुठून आणलास असं विचारल्यावर त्याने स्वयंपाकाच्या सिलेंडरची एजन्सी सांगितली. शेवटी त्याचा नवाकोरा फ्रीज पाहून मामांनी त्याला निर्दोष सोडलं. लस्सीचे पैसे कल्याणने दिले. स्वस्तातला तपास असा असतो, हे त्याला कळायला लागलं होतं.

रात्री मामांचा घसा धरला, पण डोकं चालूच होतं. गुन्ह्यात फायदा कोणाचा ते बघायचं असतं, असं ते गुळण्या करता करता म्हणाले. गाडी गार नाही, तर नात कुणाकडे राहते? खर्ड्याला. मागच्या खेपेला गाडी कुणाच्या दारात उभी होती? खर्ड्याला. कल्याण फोन हिसकावून घेईपर्यंत मामांनी श्रीमंतरावांना त्या दिवशी दुपारी आपण कुठे होता, असं विचारूनही टाकलं होतं.

 श्रीमंतराव अगदी हळू बोलले, आणि कल्याणला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"पाव्हनं, माज्या दारात आलेल्या गाडीला मी निवद दावतो. रविवारी दुपारपत्तुर गार गाडी दारात आनली, तर लेक-नात घिऊन जावा. न्हाईतर दसऱ्याला बोलू."

दसरा. तोवर पोरगी रांगायला लागली असती, आणि रांगत आजोबांकडे गेली असती. कल्याण त्या रात्री जेवला नाही.  बनुबाईंनी भावाची भाकरी जरा जोरात थापली.

रविवार उजाडला तरी सुतळी तशीच होती आणि गाडीही. तांबडी कोंबडी मात्र पुन्हा गाडीच्या तोंडाशी. आदल्या आठवड्यात मामांनी तिला रोज हाकललं होतं आणि ती रोज परत येत होती. आता मामांचा संयम सुटला. ही कोंबडी तपासात मुद्दाम अडथळा आणते, असं ठरवून त्यांनी बहिणीला सुचवलं, की आज हिचाच रस्सा होऊन जाऊ दे, घशालाही बरं. भाऊ पाहुणा. बनुबाईंनी सुस्कारा सोडला, पदर खोचला आणि कोंबडी धरायला निघाल्या.

कोंबडी काही पळाली नाही. तिचं खाण्यातून लक्षच निघेना. बनुबाई तिच्या मागे वाकल्या, हात पुढे केला, आणि तशाच वाकून राहिल्या. मग त्यांनी कोंबडी सोडली आणि गाडीच्या पुढच्या जाळीत बोटं घातली. मूठभर भुसा बाहेर आला. हरभऱ्याचा. पुन्हा घातली, पुन्हा मूठभर आला, आणि त्यात घाट्याच्या टरफलाचे तुकडे आणि दोन-चार टपोरे दाणे.

"कल्यान," त्यांनी हाक मारली, "अरं, हिच्या नाकात बोळा हाय की. ही वारा घील कुटनं?"

जाळीमागे एसीची कॉइल, आणि कॉइलवर खळ्यावरचा भुसा गादीसारखा दाबून बसलेला. संध्याकाळच्या गारव्यात ती कसाबसा श्वास घेत होती, दुपारी तिचा जीव घुसमटत होता. गॅस होता तिथेच होता, बिचारा. कल्याणने फवारणीचा पंप चांगला खंगाळून साधं पाणी भरलं, बनुबाईंनी मऊ कुंचा घेतला, आणि दोघांनी ती कॉइल तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तशी धुतली. कोंबडीने खालचं सगळं साफ केलं. मग कल्याणने गाडी सुरू करून बटण दाबलं, भोकासमोर हात धरला आणि तसाच बसून राहिला. बनुबाईंनी खिडकीतून पाहिलं तर त्याचे डोळे भरलेले. गार वारा डोळ्यांना झोंबतो, असं तो म्हणाला.

मामा मिशीवरून बोट फिरवत उभे होते. भुसा खळ्यावरचा. खळ्यावर गाडी फिरवायची अक्कल कुणाची, हे अंगणात तिघांनाही ठाऊक होतं, आणि मामांनी भावकीलाही फोन करून कळवलेलं होतं.

"मी पैल्याच दिवशी काय म्हनलं हुतं?" ते शेवटी म्हणाले. "गुन्हेगार घरातलाच हाय."

आठवडाभर खाली आणि मागे पाहूनही पुढची जाळी कशी दिसली नाही, असं कल्याणने विचारलं. मामांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. गेटवर गाडी खालून बघतात, मागून बघतात. समोरून फक्त सलाम ठोकतात.

खर्ड्याला ते दुपारच्या आत पोचले. मामा पुढच्या सीटवर बसून आले होते, तपासाचा निकाल स्वतः जाहीर करायला. श्रीमंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी नातीला दुपट्यात घेतलं, पुढच्या रिकाम्या झालेल्या सीटवर बसले, दार लावून घेतलं आणि कल्याणला एसी चालू ठेवायला सांगितलं. सगळं घर ओसरीवर उभं राहून काचेतून बघत होतं. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याने काच बोटभर खाली केली.

"पोरगी झोपली," ते म्हणाले. "आता उतरलो तर उठंल. आरती, बस मागं. मी बी येतो शेवगावला."

मागे आरती बसली, तिच्या शेजारी पाळणा, डिंकाच्या लाडवांचे डबे आणि बाळंतविड्याची बोचकी. आणखी कुणाला जागाच उरली नाही. आरशात कल्याणला दिसत होते ते दारात उभे राहिलेले मामा. सवयीने त्यांनी गाडीला सलाम ठोकला.

ते संध्याकाळी एसटीने आले, घामाने निथळत. घरात पाळण्याची दोरी हलत होती, आणि तिला कल्याण कुणाला हात लावू देत नव्हता. बनुबाईंनी भावापुढे ताट ठेवलं. मामांनी वाकून पाहिलं, वास घेतला, आणि या वेळी अचूक ओळखलं.

पिठलं होतं, खळ्यावरच्याच हरभऱ्याचं. तांबडी कोंबडी उंबऱ्यावर बसली होती आणि तिला कुणी हाकलत नव्हतं.