ऐंशी शेरांचे दोन बोकड

जरा डोळे मिटा, बाळांनो. मिटलेत? आता बडोद्यातली हिवाळी दुपार मनात आणा. राज्य सयाजीराव महाराजांचं. विश्वामित्री नदीवरून येणारा गार वारा, अंगणात कडुनिंबाची हलती सावली, आणि मोठ्या चुलीचा निळसर धूर वर जायचं विसरून झाडाखालीच रेंगाळतोय. हे शिपायांच्या मुलांचं वसतिगृह. शंभर मुलगे इथे सरकारी खर्चाने जेवतात. आणि त्या धुराच्या कडेला, मांडीवर वही घेऊन बसलेला तो सडपातळ कारकून दिसतोय ना? तो मी. पद्माकरपंत. हसू नका, तेव्हा मी खरंच सडपातळ होतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हिशेबात मला हरवेल असा माणूस तेव्हा निजामपुऱ्यापासून तरसालीपर्यंत नव्हता. निदान मला तो भेटला नव्हता.

रविवारी मुलांना मटण मिळे. आमच्या घरी त्याचं नावही काढत नसत, पण सरकारने खरेदी नेमकी माझ्याकडे दिलेली. दर रविवारी ऐंशी शेर मटण लागे. शहरातला खाटीक शेराला दोन आणे घेई, म्हणजे झाले दहा रुपये. एकदा अशाच दुपारी, धुराकडे बघता बघता, अर्धवट डुलकीत मला साक्षात्कार झाला. तरसालीचे भरवाड, म्हणजे तिकडचे धनगर, तीन रुपयांना बोकड विकतात. बोकड भरतो चाळीस शेर. दोन बोकड, ऐंशी शेर, सहा रुपये! शिवाय पैसा जवळच्या गावात राहणार. मग मला त्या धुरातच पुढचं सगळं दिसू लागलं. वर्षाला दोनशे रुपयांची बचत, मुलांना नव्या घोंगड्या, आणि खात्याच्या अहवालात माझं नाव, तेसुद्धा जाड अक्षरांत.

आता हे कुणाला विचारायला हवं होतं? आमच्या आचाऱ्याला, हंबीररावांना. पलटणीतून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. बावीस वर्षं त्या चुलीपाशी उभा. पण त्यांचा एक नेम होता. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की ते पातेल्यावर झाकण ठेवत. माझ्यासमोर मटण हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. पंतांच्या कानाला विटाळ नको! फारच गरज पडली तर ‘ते रविवारचं’ म्हणत आणि भिंतीकडे बघत. त्यामुळे मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी स्वतः तरसालीला गेलो. तिथल्या व्यापाऱ्याचा कापूस तोलायचा काटा मागून घेतला. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात बोकड. बोकड पारड्यात असा बसला, जणू पालखीत बसून लग्नाला निघालाय. भरवाड बराच वेळ बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, “साहेब, बकरुं ते वळी कोई तोलीने ले?” त्याच्या बापजाद्यांनी कधी बोकड तोलून विकला नव्हता. मी म्हटलं, आमचा कारभार चोख असतो. दोन्ही बोकड बरोबर चाळीस-चाळीस शेर भरले. भरवाडाने पैसे घेतले, आणि आमची गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो वेशीत उभा राहून डोकं हलवत होता. मला वाटलं, कौतुकाने.

रविवारी पहाटे, मी यायच्या आत, हंबीररावांनी सगळं उरकून घेतलं. मी पोचलो तेव्हा पातेल्यावर झाकण होतं, आणि मागच्या दारात दोन मोठ्या टोपल्या पोतं टाकून झाकलेल्या होत्या. मी तिकडे पाहिलंही नाही.

पंगत बसली. निम्म्या पंगतीपर्यंत सगळं छान चाललं होतं. पुढे वाढप्याच्या पळीला रस्साच लागू लागला. शेवटच्या रांगेतला एक मुलगा वाटीत बोटं बुडवून असा शोधत होता, जणू नदीत आंघोळीला गेलेल्याची अंगठी पडलीय.

मी हंबीररावांना गाठलं. “ऐंशी शेर आणलं होतं. इथे चाळीससुद्धा नाही. बाकीचं कुठे गेलं?”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. “पंत, ते तुमच्यापुढं बोलण्यासारखं नाही.”

झालं! मला वाटलं, चोरी कबूल झाली. तसं मी चारचौघांत म्हणालोसुद्धा. हंबीररावांनी पळी धुतली, खुंटीला अडकवली, आणि ते आपल्या खोलीत बोचकं बांधायला गेले. बावीस वर्षांत त्या माणसाला कुणी चोर म्हटलं नव्हतं.

मी निंबाखाली बसून खात्याकडे तक्रार लिहायला घेतली. तीन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात हंबीररावांची नात समोर येऊन बसली. गंगू, दहा वर्षांची. रोज दुपारी मी तिला गणित शिकवत असे. आज तिचे डोळे लाल होते. एका हातात भाजी तोलायचा तराजू, दुसऱ्या हातात पाटी, आणि ओच्यात तुवेरीच्या, म्हणजे आपल्या तुरीच्या शेंगा.

“पंतकाका, या किती भरल्या?”

तिने तोलल्या. एक शेर, मी म्हटलं.

मग ती शेंगा सोलू लागली. जराही घाई नाही. सावली पाटीवरून सरकून माझ्या कागदावर आली. शेवटी तिने नुसते दाणे पारड्यात टाकले.

“आता?”

“अर्धा शेर.”

तिने टरफलांचा ढीग माझ्यापुढे सरकवला. “मग बाकीचा अर्धा शेर आजोबांनी चोरला?”

मी त्या टरफलांकडे पाहत राहिलो. मग मागच्या दाराकडे पाहिलं. पोत्याखालून एक शिंग बाहेर डोकावत होतं. मुंडकी, खूर, कातडी, आतडी... बाळांनो, जन्मभर वांगी विकत घेणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? वांग्याला शिंगं नसतात!

मी कागद फाडला आणि हंबीररावांच्या दारात गेलो. पागोटं काढून माफी मागितली, तीही त्याच चारचौघांसमोर. मग बोचक्याची गाठ सोडत ते एवढंच म्हणाले, “पुढल्या रविवारी चार बोकड आणा, पंत. कातडी मोच्याला आठ-आठ आण्यांना देऊ.”

मी हलका होऊन निंबाखाली परत आलो. गंगूने तोवर पाटी पुसून गणित घातलं होतं: बोकड चार, दर तीन रुपये. कातडी विकून आले दोन रुपये. खाटीक घेत होता दहा. तर पंतकाकांनी किती वाचवले?

तिने पेन्सिल माझ्या हातात दिली, मी रोज बसतो तशी समोर मांडी घातली, आणि माझं शून्य काढून होईपर्यंत तुवेरीचे दाणे एकेक करून खात बसली.