फरश्या वाढल्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी, पिवळ्या मारबतीचा पुतळा मिरवणुकीनं रस्त्यावर यायच्या आत, आमच्या वस्तीतल्या लीलाबाई मेश्राम यांच्यावर अन्याय झाला. अन्याय करणाऱ्याचं नाव वामनकाका कासार. मी वस्तीच्या युवक मंडळाचा चिटणीस. निषेधाची पत्रकं काढणं हे माझं काम, आणि नळाच्या पाण्यापासून रेशनच्या लाल मिलो ज्वारीपर्यंत सगळ्यांवर मी ती काढली आहेत. पण एका क्रियापदाविरुद्ध पत्रक काढायची वेळ पहिल्यांदाच आली.

ते क्रियापद म्हणजे 'वाढणे'. काकांचा सारा जन्म बांगड्यांच्या धंद्यात गेला. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण तुम्ही बांगडीपाशी थांबता. काका थांबत नाहीत. त्यांच्या सायकलची ट्यूब वाढते. पोलीस दिसला की त्यांना घाम वाढतो. मॅट्रिकचा पेपर वाढला म्हणून ते हळहळतात. आमचं मंडळ फुटलं तेव्हा मला भर चौकात गाठून म्हणाले, "तुमचं मंडळ वाढलं म्हन्ते. आयकून लय वाईट वाटलं गा." त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

बांगड्यांचं दुकान काकांनी एकाएकी बंद केलं आणि मागच्या अंगणात भट्टी घातली. उरलेल्या बांगड्या, सोड्याच्या बाटल्या, औषधाच्या निळ्या शिश्या, सगळ्याचे तुकडे खडूची भुकटी लावलेल्या साच्यात मांडायचे आणि भट्टीत सारायचे. काच पुरती वितळत नाही. मऊ होते आणि शेजारणीला चिकटते. मग राखेत निवू द्यायची. झाली भिंतीला लावायची रंगीत फरशी. प्रत्येक घरासाठी वेगळी. नागपुरात असं दुसरं कोणी करत नाही, आणि का करत नाही ते काकांकडे गेल्यावर कळतं. तिथे गिऱ्हाईकाला नक्षी निवडायची सोयच नाही. काका निवडतात, आणि त्याआधी घर डोक्यावर घेऊन प्रश्न विचारतात.

लीलाबाईंकडे गॅस आला. गॅस आला म्हणून उभा ओटा आला, ओटा आला म्हणून मागच्या भिंतीला फरश्या हव्या झाल्या. लीलाबाई काकांकडे गेल्या, सोबत यजमान मेश्रामभाऊ, आणि काकांच्या ओळखीचा म्हणून मी.

"मले हिरव्या पाह्यजेत," लीलाबाई म्हणाल्या. "आन् त्यात मोर."

"मोर नाई जमत. फोडनी त्याच्या तोंडावर उडन." काका ओरडलेच. "तुमच्या घरी पयले कोन चिडते?"

लीलाबाईंनी मेश्रामभाऊंकडे बोट दाखवलं. मेश्रामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"सैपाक करता करता गानं म्हनता काय, बाई?"

"मी फरश्या घ्याले आली का पोरगी दाखवाले?"

"थांबा. भट्टीले इचारतो." काकांनी मान कलती करून मागच्या पडद्याकडे कान लावला. पलीकडून टिंग असा आवाज आला. "भट्टी नाई म्हन्ते. हिरवा रंग नाई."

हा उघड उघड अंधश्रद्धेचा धंदा होता. मी तसं बोलून दाखवणार, तोच लीलाबाई म्हणाल्या, "तुमच्या भट्टीले सांगा, सैपाक मले कराचा हाये, तिले नाई. हिरव्या म्हंजे हिरव्या."

काकांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा लीलाबाईंकडे. काकांनी मुकाट्यानं हिरव्या फरश्या करायचं कबूल केलं.

आणि मारबतीच्या सकाळी ते सायकलवरून लीलाबाईंच्या दारात आले. बाई बाजारात गेल्या होत्या. मेश्रामभाऊ अर्धी दाढी करून बाहेर आले.

"भाऊ, तुमच्या फरश्या वाढल्या गा," काका डोळे पुसत म्हणाले. "साऱ्याच्या साऱ्या वाढल्या."

"मंग त्यात रडाचं काय, काका? वाढल्या तं वाढल्या. लावून टाकू."

काकांनी त्यांना मिठी मारली. असा दिलदार माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मेश्रामभाऊंनी आयुष्यात एकही बांगडी विकत घेतलेली नव्हती. गवंडी घरातच होता. जास्तीच्या फरश्या वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्याला ओटा वाढवायला सांगितला, खऱ्या अर्थानं. लीलाबाई परतल्या तेव्हा ओटा दारात पोचला होता. दार अर्धंच उघडत होतं. मेश्रामभाऊ काडीसारखे आहेत, ते सहज आत गेले. लीलाबाई तशा नाहीत. ज्या बाईचं स्वयंपाकघर, तिला आडवं होऊन आत शिरावं लागावं, यापेक्षा मोठा अन्याय कोणता?

मी 'बोलणाऱ्या भट्टीचा जाहीर निषेध' लिहून काढला आणि आम्ही तिघं काकांकडे थडकलो. मी वाचायला सुरुवात केली. काका म्हणाले, "थांब, भट्टीले इचारतो." लीलाबाई म्हणाल्या, "मीच इचारते तिले," आणि त्यांनी पडदा ओढला.

भट्टी दूर अंगणात होती, थंडगार. पडद्यामागं माझ्याच वयाची एक बाई बसली होती. भोवती सुपांमध्ये रंगारंगाचे काचेचे तुकडे, हातात स्टीलची वाटी आणि चमचा. मनगटं मोकळी. एका मनगटावर पांढरा पडलेला व्रण.

"सिंधू. माही पोरगी," काका म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी तेव्हा प्रथम ऐकला.

"हिरवा नाई म्हनलं होतं मी," सिंधूताई म्हणाल्या. "हिरवा फुटते."

"वाढते, बाई. वाढते म्हन."

"फुटते, बाबा. माह्या हातावर फुटला हाये."

काका अंगणात गेले आणि पेटवायची नसलेल्या भट्टीत लाकडं सारत बसले.

पुढचं सिंधूताईंनी सांगितलं, अजिबात न चिडता. चिडायचं काम मी केलं. लग्नातला हिरवा चुडा वडिलांनीच त्यांच्या हातात भरला होता. नवरा गेला तेव्हा बायकांनी तो दगडानं फोडला. त्या माहेरी आल्या. दुकानात बांगड्या भरायला आलेल्या एका बाईनं त्यांना पाहिलं आणि भरायला पुढे केलेला हात मागे घेऊन ती निघून गेली. काकांनी त्याच दिवशी दुकानाला कुलूप घातलं. ज्या दुकानात आपली पोरगी चालत नाही, ते आपल्याला चालवायचं नाही, असं म्हणाले. पण नव्या घराच्या फरश्या तरी विधवेच्या हातच्या कोण घेणार? म्हणून हा पडदा, ही वाटी आणि बोलणारी भट्टी. रंग निवडतात सिंधूताई, तुकडे मांडतात सिंधूताई. प्रश्नही त्यांचेच, गिऱ्हाईकानंही ओरडून उत्तर द्यावं आणि ते आत ऐकू यावं म्हणून काका ओरडतात.

"लोकायच्या घरात काय चालते थे समजते तेवढंच," त्या म्हणाल्या.

लीलाबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. "म्हन्ते मी गानं," त्या मेश्रामभाऊंकडे बोट दाखवत म्हणाल्या. "फोडनी चर्र झाली का. म्हंजे याइले आयकू जात नाई."

सिंधूताई हसल्या. त्यांनी हळदीसारखे पिवळे तुकडे ओढले आणि त्यांना बिअरच्या बाटलीचे तपकिरी लावून पाहिले.

"या दारूच्या बाटल्या ना वं?" मेश्रामभाऊंनी दबकत विचारलं.

"हो भाऊ. पन रिकाम्या."

त्या फरश्या आता भिंतीवर आहेत, आणि त्यांच्यासारख्या दुसऱ्या मी पाहिलेल्या नाहीत. ओटा अजून दारातच आहे. क्रियापदाविरुद्धचा माझा निषेधही कायम आहे. पत्रकात नाव घालू का, असं मी सिंधूताईंना विचारलं. त्यांनी वाटी-चमचा बाजूला सारला. "टाका," म्हणाल्या. "बाबाले मी समजावीन."

तर आता मागणी. घर बांधत असाल, ओटा घालत असाल, तर काकांकडे जा. विधवेनं मांडलेली फरशी चालत नसेल तर जाऊ नका, आणि मग आमच्या मंडळाच्या सभेत पुढच्या रांगेतही बसू नका. चालत असेल, तर काका भट्टीला विचारायला निघाले की त्यांना खाली बसवा. पडद्याकडे तोंड करा आणि सिंधूताईंना नाव घेऊन बाहेर बोलवा.